सिस्टर कुठे गेल्या?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मुंबईच्या रुग्णालयांत 'सिस्टर' या शब्दाला फार वर्षं एक ठरलेला सूर होता. मोठ्या रुग्णालयाच्या कुठल्याही वॉर्डात जा, पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी लगबगीनं यायची आणि 'आजोबा, गोळी गेतली का?' असं विचारायची. त्या 'गेतली'वरून कोट्टायम किंवा पथनमथिट्टा ओळखू यायचं. मराठी ती इथेच, रुग्णांच्या खाटेशी उभी राहून शिकलेली असायची. मालवणी म्हातारीकडून चार शब्द, घाटावरच्या गिरणी कामगाराकडून चार, असं मिळून तिचं मराठी तयार व्हायचं. आणि ते जरा कुठे सफाईदार व्हायला लागलं की सिस्टर दिसेनाशा व्हायच्या. चौकशी केली की उत्तर ठरलेलं असे, 'त्या कुवेतला गेल्या', 'त्या लंडनला गेल्या'.

मुंबई हे त्या मुलींचं मुक्कामाचं गाव कधी नव्हतंच. परदेशातल्या रुग्णालयाला दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला लागतो. तो दाखला मोठ्या रुग्णालयाचा, भरपूर खाटा असलेला, अतिदक्षता विभाग असलेला हवा. तो मुंबईत मिळत होता, शिवाय आखाताची माणसं भरणाऱ्या एजंटांच्या कचेऱ्याही इथेच होत्या. म्हणजे बोरीबंदरला उतरायचं, दोन वर्षं राबायचं आणि सहारच्या विमानतळावरून निघायचं. मधल्या दोन वर्षांत त्यांनी आपल्या किती आयाबापांना कुशीवर वळवलं, याचा हिशेब कुठल्या वहीत नाही.

आज माझा विषय हाच आहे. आपल्यासारख्या देशांतून परिचारिका आणि डॉक्टर श्रीमंत देशांत जातात, त्याचं काय करायचं? मी अर्थशास्त्री नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या विषयावरची चर्चा मी जेव्हा जेव्हा ऐकतो, तेव्हा ती जाणाऱ्या मुलीपासून सुरू होते आणि जाणाऱ्या मुलीवरच संपते. ती जिथून उठून गेली त्या खुर्चीकडे फारसं कुणी पाहत नाही.

आधी एक सांगून टाकतो. जाणाऱ्याला नावं ठेवणं मला जमणार नाही. माझं घराणं कोकणी मुसलमानाचं, रायगडच्या किनाऱ्यावरचं. आमच्याकडे जन्मापेक्षा जाण्याच्या तारखा नीट लक्षात ठेवतात. आजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांच्यानंतरची पिढी कुवेत, दोहा, दमामला गेली. गावात कुणाचं घर चिऱ्याचं आणि कुणाचं मातीचं, हे कुणाच्या घरातून कोण गेलं यावरून ठरायचं. हिंदू घरांतलीही गोष्ट वेगळी नव्हती, फक्त त्यांचं आखात मुंबईत होतं. परळच्या गिरणीतून निघालेली मनीऑर्डर रत्नागिरीच्या चुलीपर्यंत पोचायची. १९९० साली इराकनं कुवेत गिळलं, तेव्हा अम्मानमार्गे एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीयांना विमानांनी परत आणलं गेलं. त्यात आमचे नातेवाईक होते. दोन वर्षांत त्यातले बरेचसे पुन्हा तिकडे. कारण विमानातून उतरल्यावर पुढे काय करायचं, याचं उत्तर इथे कुणाकडे नव्हतं.

आणि वैद्यकीच्या बाबतीत तर आपली सुरुवातच बाहेर जाण्यानं झाली आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ साली पदवी घेऊन परत आल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती, पण क्षयानं त्यांना तेवढा वेळ दिला नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांना कुणी 'ब्रेन ड्रेन' म्हटलं नाही. तेव्हा नुसत्या जाण्यात पाप नाही. प्रश्न आहे तो मागे काय उरतं याचा.

मागे काय उरतं ते मी एका रात्री पाहिलं आहे. २०१७ साली माझी आई एका सार्वजनिक रुग्णालयात दाखल होती. नाव सांगत नाही, कारण त्या रात्री तिथे जे होतं ते इतरत्रही असतंच. वॉर्ड भरून खाटांच्या मधल्या जागेत गाद्या पसरलेल्या. रात्रपाळीला एक सिस्टर आणि शिकाऊ मुलगी. आपल्याकडचा निकष असा, की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. मी बसल्या बसल्या खाटा मोजल्या आणि मग मोजणं सोडून दिलं. सिस्टर मला म्हणाल्या, 'दादा, सलाइन इथवर आली की मला हाक मारा. शेजारच्या काकांचीही बघा, त्यांच्याजवळ कुणी नाही.' त्या रात्री मी दोन सलाइनवर नजर ठेवून होतो. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगा तिसरीवर. पहाटे अडीच-तीनच्या सुमाराला सिस्टर पहिल्यांदा टेकल्या. औषधांच्या ट्रेखालून त्यांनी एक जाडसर पुस्तक ओढलं. मला वाटलं, कादंबरी असेल. ते ओईटीचं पुस्तक होतं. ओईटी म्हणजे परदेशी जाणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांची इंग्रजीची परीक्षा. दोन पानं वाचून झाली नाहीत तोच कुणीतरी हाक मारली.

ती बाई आज कुठल्या देशात आहे, की इथेच आहे, मला ठाऊक नाही. पण ती गेली असेल तर तिनं वॉर्ड रिकामा केला असं मी म्हणणार नाही. वॉर्ड रिकामाच होता. ती तो एकटी भरत होती.

ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण धोरणं त्यावर ठरतात. जागा भरलेल्या आहेत, पगार बरा आहे, आणि तरीही माणसं निघून चालली आहेत, असं असतं तर दाराला कडी लावण्याला काही अर्थ होता. आपल्याकडे उलटं आहे. मंजूर पद रिकामं, त्याच पदाचं काम करायला कंत्राटावर मुलगी घेतलेली, तिला निम्म्याहून कमी पैसे, आणि शेजारी तेच काम करणारी कायम नोकरीतली निवृत्तीला आलेली. आणि नोकरी शोधणाऱ्या प्रशिक्षित मुली दुसऱ्या बाजूला रांगेत उभ्या. खुर्ची रिकामी आणि बसायला माणूस तयार, तरी दोघांची गाठ पडत नाही.

गाठ पडते ती दूरदेशी. आणि मग एक साखळी सुरू होते. लंडनची परिचारिका जास्त पगारासाठी ऑस्ट्रेलियाला जाते. तिच्या जागी मुंबईतून कोट्टायमची मुलगी जाते. मुंबईतल्या तिच्या जागी गोंदिया, नांदेड, धुळे इकडून मुलगी येते. गोंदियाच्या त्या मुलीच्या जागी कोण? साखळीचं शेवटचं टोक अक्कलकुव्याच्या किंवा एटापल्लीच्या उपकेंद्राच्या दाराला बांधलेलं असतं आणि त्या दाराला कुलूप असतं. लंडनच्या रुग्णालयाला हे दार दिसत नाही. मुंबईलाही कितपत दिसतं, देव जाणे.

आता कड्या-कुलपांबद्दल.

डॉक्टरांसाठी आपल्याकडे बंधपत्र आहे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यानं एक वर्ष सरकारी सेवा करायची; ती टाळायची तर दहा लाख भरायची सोय होती. पदव्युत्तरला पन्नास लाख. २०११ साली केंद्र सरकारनं अमेरिकेला शिकायला जाणाऱ्या डॉक्टरांना 'परत येण्याचं बंधन नाही' हा दाखला देणं थांबवायचं ठरवलं. सरकारी पैशानं शिकलेल्यानं एक वर्ष गावाला द्यावं, यात मला काही गैर वाटत नाही. पण त्या एका वर्षात त्याला औषधाविना, परिचारिकेविना, राहायच्या खोलीविना ठेवलं, तर तो वर्ष मोजतो आणि निघतो. एवढंच होतं.

परिचारिकांचं बंधपत्र वेगळंच होतं. तिथे सरकार नव्हतं, खासगी रुग्णालयं होती. नोकरीला लागताना मुलीची मूळ प्रमाणपत्रं काढून घ्यायची आणि दोन-तीन वर्षांचा बाँड लिहून घ्यायचा. मध्येच सोडलं तर दंड भरल्याशिवाय कागद परत नाहीत. ज्या मुलीनं बापाच्या शेतावर कर्ज काढून शिक्षण घेतलं, तिची प्रमाणपत्रं म्हणजे तिची सगळी इस्टेट, आणि ती दुसऱ्याच्या कपाटात. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातल्या तरुण केरळी परिचारिकेनं आत्महत्या केली. तिच्या मैत्रिणी या बाँडविरुद्ध संपावर गेल्या. त्या सुमाराला दिल्लीत आणि केरळातही परिचारिका रस्त्यावर उतरल्या होत्या. 'सेवेचं व्रत' घेतलेल्या मुली घोषणा देताना पाहून आपल्यातल्या पुष्कळांना अवघडल्यासारखं झालं. सेवा म्हटलं की पगाराचं बोलू नये, हा आपला एक सोयीस्कर समज आहे. कवींच्या बाबतीतही तो आहे, पण ते असो.

हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयानं केंद्राला समिती नेमायला सांगितलं आणि समितीनं शिफारस केली. दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयानं परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा. शंभर ते दोनशे खाटा असतील तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर पंचवीस टक्के कमी चालेल. आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी महिना वीस हजारांच्या खाली जाऊ नये. किती साधी गोष्ट! अंमलबजावणी राज्यांकडे सोपवली गेली. केरळात परिचारिकांनी संपाची तलवार टांगती ठेवली, तेव्हा तिथल्या सरकारनं २०१८ साली किमान वीस हजारांची अधिसूचना काढली. आपल्याकडे या शिफारशीचं काय झालं, ते एखाद्या लहान नर्सिंग होममधल्या सिस्टरला विचारा. शक्यतो मालक डॉक्टर समोर नसताना.

माझं म्हणणं असं, की परदेशगमन थोपवणारं खरं धोरण या वीस हजारांत होतं. ते विमानतळावर नव्हतं.

विमानतळावरचं धोरण २०१५ साली आलं. त्याआधी काय झालं ते पाहायला हवं. २०१४ च्या उन्हाळ्यात इराकमध्ये तिक्रीत शहर अतिरेक्यांच्या हाती गेलं आणि ४६ परिचारिका, बहुतेक केरळच्या, तिथल्या रुग्णालयात अडकल्या. जुलैत त्या सुखरूप परतल्या. त्यातल्या अनेकींच्या डोक्यावर कर्ज होतं, आणि युद्ध सुरू असूनही आधी निघून न येण्याचं ते एक कारण होतं. पुढच्याच वर्षी कोचीमध्ये एक प्रकरण उघडकीला आलं. कुवेतच्या भरतीसाठी एजंटानं परिचारिकेकडून नियमाप्रमाणे साडेएकोणीस हजार रुपये घ्यायचे, तिथे साडेएकोणीस लाख घेतले जात होते. त्यानंतर एप्रिल २०१५ अखेरपासून केंद्रानं नियम केला, की आखातासह अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच होईल. सुरुवातीला या संस्था दोन होत्या आणि दोन्ही केरळच्या. हेतू चांगला होता, आणि साडेएकोणीस लाखांच्या दरोड्यापुढे कुठलीही सरकारी खिडकी बरी. पण तेव्हा मराठवाड्यातल्या एखाद्या मुलीला रियाधला जायचं तर तिरुवनंतपुरमच्या खिडकीशी उभं राहायचं होतं. महाराष्ट्राला वाटत असे, नर्सबाईंचं परदेश म्हणजे केरळचा प्रश्न.

आता पलीकडच्या काठावर जाऊ. १९९७ साली नेल्सन मंडेला यांनी ब्रिटनला विनंती केली, की आमच्या परिचारिका नेऊ नका. दक्षिण आफ्रिका नुकती उभी राहत होती, एड्सची साथ होती, आणि वॉर्डातली माणसं लंडनला चालली होती. ब्रिटननं आधी सूचना काढल्या, मग २००१ साली आचारसंहिता केली आणि गरीब देशांची यादी केली, की इथून ओढून माणसं आणायची नाहीत. त्या यादीतला भारताचा उल्लेख मला फार बोलका वाटतो. भारतातून भरती करायला हरकत नाही, पण आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, ओरिसा आणि पश्चिम बंगाल ही चार राज्यं सोडून, असं तिथे ठरलं होतं. कारण या चार राज्यांना ब्रिटनची मदत मिळत होती. एका हातानं मदत द्यायची आणि दुसऱ्या हातानं नर्स न्यायची, हे वाईट दिसलं असतं. महाराष्ट्राला ती मदत नव्हती, म्हणून महाराष्ट्र खुला. मेळघाटात मुलं कुपोषणानं दगावत होती, याच्याशी त्या यादीचा संबंध नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०१० मध्ये सगळ्या जगासाठी आचारसंहिता संमत केली. ज्या देशांत मुळातच टंचाई आहे तिथून सक्रिय भरती करू नका, जाणाऱ्याचा जाण्याचा हक्क मात्र मान्य करा, आणि नेणाऱ्या देशानं पाठवणाऱ्या देशाला प्रशिक्षणात हातभार लावावा, असा तिचा सारांश. ती ऐच्छिक आहे. म्हणजे मोडली तर पोलीस येत नाही. टंचाईच्या देशांची यादीही संघटनेनं काढली. २०२३ सालच्या यादीत ५५ देश होते. आपले शेजारी नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, अफगाणिस्तान त्यात होते. भारत नव्हता. देशाची सरासरी काढली की एर्नाकुलम आणि एटापल्ली एकाच ओळीत येऊन बसतात, आणि सरासरीला ताप येत नाही.

महासाथीत तर सगळ्यांचेच मुखवटे उतरले. फिलिपाईन्स हा देश वर्षानुवर्षं परदेशांसाठी परिचारिका घडवतो. त्यानं २०२० साली आधी जाण्यावर बंदी घातली, मग वर्षाला पाच हजारांची मर्यादा. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी ब्रिटन आणि जर्मनीला सुचवलं, की तुम्ही आम्हाला लस द्या, आम्ही मर्यादा उठवू. ब्रिटननं नकार दिला. बाजारात माणूस आणि लशीच्या बाटल्या एकाच तराजूत! ऐकायला भयंकर आहे. पण खरं सांगू, त्या तराजूत निदान पाठवणाऱ्या देशानं काहीतरी मागितलं तरी. आपण काय मागतो?

मागण्याची कल्पना नवी नाही आणि ती मुंबईतल्या माणसाची आहे. जगदीश भगवती या शहरात जन्मले, सिडनहॅम कॉलेजात शिकले, पुढे जगप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ झाले. त्यांनी १९७० च्या दशकात सुचवलं, की गरीब देशातून श्रीमंत देशात गेलेल्या शिक्षित माणसाच्या तिथल्या कमाईवर एक लहानसा कर बसवावा आणि तो पैसा गरीब देशांकडे वळवावा. 'भगवती कर' म्हणून तो ओळखला जातो. तो कुठेच लागू झाला नाही. तो मुलींच्या पगारातून कापण्याऐवजी नेणाऱ्या सरकारच्या तिजोरीतून यावा, असं मला वाटतं. एक परिचारिका नेलीत, दोन मुलींच्या प्रशिक्षणाचा खर्च द्या. यात कुणी गुन्हेगार नाही, कुणाचे कागद कपाटात नाहीत.

पगार दिला की माणसं थांबतात का? मलावीचं उदाहरण मला आशा देतं. तो आफ्रिकेतला आपल्यापेक्षा कितीतरी गरीब देश. २००४ साली तिथे ब्रिटन वगैरेंच्या मदतीनं एक कार्यक्रम सुरू झाला. सरकारी आरोग्य सेवकांच्या पगारावर ५२ टक्के वाढ दिली आणि प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या. पाच वर्षांत त्यांच्या आरोग्य सेवकांची संख्या जवळपास दीडपट झाली. दाराला कडी न लावता.

याच्या उलट, जर्मनी. १९६० च्या दशकात केरळच्या हजारो ख्रिस्ती मुली चर्चच्या मार्फत पश्चिम जर्मनीला परिचारिका म्हणून गेल्या. तिकडे टंचाई होती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात गरज कमी झाल्यावर अनेकींचे परवाने वाढवून मिळाले नाहीत. ज्या राहिल्या त्यांनी आयुष्य तिकडेच काढलं. आता जर्मनी म्हातारा होतो आहे आणि पुन्हा हाक आली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केरळनं करार केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. दहा हजार तरुण-तरुणींची भाषा झाली, त्यात परिचारिकाही आल्या. आता हा केरळचा प्रश्न राहिलेला नाही.

करार झाला याचं मला वाईट वाटत नाही. एजंटाच्या दलालीपेक्षा सरकारचा करार बरा. पण मागणी आज आहे म्हणून उद्या असेलच असं नाही, हे आपल्या मुलींना कुणीतरी सांगायला हवं. ब्रिटननं २०२३ च्या योजनेत परदेशी भरतीचं प्रमाण चोवीस टक्क्यांवरून पंधरा वर्षांच्या आत दहाच्या आसपास आणायचं ठरवलं. वृद्धांची काळजी घेणाऱ्या कामगारांना बाहेरून नव्यानं बोलावण्याचा व्हिसामार्ग त्यांनी जुलै २०२५ मध्ये बंदच केला. आणि करारात 'मनुष्यबळ पुरवठा' हा शब्द येतो, तेव्हा माझे कान टवकारतात. पुरवठा पाण्याचा, विजेचा, रेतीचा. मुलींचा नव्हे.

ज्या सरकारनं दहा हजारांचा करार केला, त्याच राज्यात मे २०२२ मध्ये परिचारिका संपावर गेल्या होत्या. बाहेरच्या एजन्सीमार्फत कंत्राटी भरती करू नका, ही त्यांची मागणी. जुलै २०२५ मध्ये त्या पुन्हा आझाद मैदानात बसल्या. मागण्यांत तीच कंत्राटी भरती, तीच पगारातली तफावत. परदेशात पाठवायला परिचारिका आहेत, आणि इथल्या कायम पदावर नेमायला नाहीत, हे गणित मला तरी सुटत नाही.

वरळीकरांना तर याचा विसर पडू नये. मार्च २०२० च्या अखेरीला वरळी कोळीवाडा सील झाला. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. डोममध्ये, जिथे आम्ही प्रदर्शनं पाहायला जायचो, तिथे खाटा लागल्या. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर रुग्णालय उभं राहत होतं आणि त्या मे महिन्यात महाराष्ट्रानं केरळकडे पत्र पाठवून पन्नास डॉक्टर आणि शंभर परिचारिका मागितल्या. या मुंबईनं, जिथून दर वर्षी परिचारिका विमानात बसत होत्या! तेव्हा तीन-तीन महिन्यांच्या कंत्राटावर मुली घेतल्या. आम्ही गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या. साथ ओसरली, तंबू उठले, मुलींची कंत्राटं संपली.

त्यांतली एक आमच्या ओळखीतली. बीडीडी चाळीत वाढलेली. जीएनएम झाली, त्या काळात डोममध्ये राबली, नंतर एका खासगी रुग्णालयात लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ज्या ५५६ कुटुंबांना चाळीच्या बदल्यात टॉवरमधली घरं मिळाली, त्यात तिचं घर आहे. एकशे साठ चौरस फुटांतून पाचशे फुटांत. म्हणते, 'काका, पहिल्यांदाच अभ्यासाला खोली मिळाली.' अभ्यास जर्मनचा. शनिवार-रविवार दादरला क्लास, परीक्षा काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात. बी-वन झाली आहे, तिकडे परवाना मिळायला बी-टू लागतं. जर्मनमध्येही सिस्टरला 'श्वेस्टर' म्हणतात, म्हणजे बहीणच, हे तिनंच मला सांगितलं. जर्मन व्याकरणात टेबल पुल्लिंगी आणि दिवा स्त्रीलिंगी असतो, हे ऐकून तिची आई हसून हसून बेजार झाली.

त्याच आईनं मला विचारलं, 'भाईजान, पाठवू का?' मी काही निर्णय दिला नाही. तो माझा नाही. एवढंच सांगितलं, की मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही हातात देऊ नका, छायाप्रत द्या. एजंट असेल तर त्याचा सरकारी परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर तपासा. त्याला नियमानं तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. जास्त मागितले तर उठून या. नोकरीचा करार सही करण्याआधी तिला समजेल अशा भाषेत मागा आणि कामाचे तास, पगार, आणि मध्येच सोडलं तर किती दंड, हे तीन रकाने आधी वाचा.

मुलगी ऐकत होती. मग तिनं मोबाईल पुढे केला. महापालिकेच्या परिचारिका भरतीसाठी तिनं भरलेल्या अर्जाची पावती त्यावर होती. मी विचारलं, 'मग जर्मनीचं काय?'

'तोही भरला आहे,' ती म्हणाली. 'ज्याचं पत्र आधी येईल त्याची.'